विरघळणारा कार्बन

कंदिलाच्या काचेवर धरलेली काजळी रॉकेलाच्या बोळ्याने पुसली, तर ती काचेवरून सुटते खरी. परंतु रॉकेलात ती विरघळत नाही. द्रव स्थिर ठेवला, की काळे कण सावकाश तळाशी बसतात. साखर पाण्यात विरघळते, कापूर अल्कोहोलात विरघळतो. मग कार्बनानेच असा हट्ट का धरावा? हिरा घ्या वा पेन्सिलीतील ग्राफाइट घ्या, त्यातील प्रत्येक अणू शेजारच्या अणूंशी बळकट बंधांनी जखडलेला असतो आणि बंधांचे हे जाळे दूरवर अखंड पसरलेले असते. विद्रावकाने, म्हणजे विरघळविणाऱ्या द्रवाने, सुटा करून न्यावा असा लहानसा रेणूच तेथे नसतो. म्हणून शुद्ध कार्बन नेहमीच्या द्रवांत विरघळत नाही, असेच मानले जात होते. १९९० साली या समजुतीस धक्का बसला.

त्याची चाहूल १९८५ मध्ये लागली होती. अमेरिकेत ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठात हॅरल्ड क्रोटो, रिचर्ड स्मॉली व रॉबर्ट कर्ल यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह लेसर किरणांनी ग्राफाइटची वाफ केली आणि ती हेलियम वायूत थंड होऊ दिली. तीत बरोबर ६० अणूंचे पुंजके विशेष संख्येने आढळले. १२ पंचकोन व २० षट्कोन जोडून झालेला, फुटबॉलसारखा पोकळ गोल असा त्यांचा आकार असावा, हा तर्क त्यांनी मांडला. षट्कोन-पंचकोनी घुमटांसाठी प्रसिद्ध असलेले वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर यांच्यावरून त्या रेणूस नाव मिळाले आणि या जातीचे सर्व रेणू फुलरीन म्हणून ओळखले जाऊ लागले. तर्क सुंदर होता. परंतु तो पडताळून पाहण्यापुरताही पदार्थ कोणाच्या हाती नव्हता.

तो हाती आला विद्रावकामुळे. जर्मनीतील हायडेलबर्गचे वोल्फगांग क्रेचमर व अमेरिकेतील अॅरिझोना विद्यापीठाचे डोनाल्ड हफमन यांच्या चमूने हेलियममध्ये ग्राफाइटच्या कांड्या विजेने तापवून काजळी जमविली आणि ती बेंझिनात टाकली. बहुतेक काजळी तळाशी राहिली, पण वरच्या द्रवास तांबूस रंग चढला. द्रव उडून जाताच कार्बनाचे स्फटिक मागे उरले.

ऑगस्ट १९९० मध्ये इंग्लंडातील ससेक्स विद्यापीठात क्रोटो यांच्या प्रयोगशाळेतही असाच लाल विद्राव तयार झाला होता. त्याची तपासणी चालू असतानाच ‘नेचर’ नियतकालिकाने एक निबंध परीक्षणासाठी क्रोटो यांच्याकडे धाडला. तो क्रेचमर व हफमन यांचा होता. आपला पहिलेपणाचा मान गेला, हे क्रोटो यांस उमगले. तरीही निबंध प्रसिद्ध व्हावा, अशीच शिफारस त्यांनी केली. मग त्यांच्या चमूने लाल विद्रावातून ६० अणूंचा जांभळा व ७० अणूंचा तांबडा असे दोन विद्राव वेगळे केले. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या परीक्षेत जांभळ्या विद्रावाने कार्बनाची एकच रेषा दिली. साठही अणूंची परिस्थिती एकसारखी असल्याची ती साक्ष होती. गोलाचा तर्क खरा ठरला. क्रोटो, स्मॉली व कर्ल यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सर्व विद्रावक फुलरीनास सारखेच मानवत नाहीत. साध्या तापमानास एक मिलिलिटर बेंझिनात सुमारे १.७ मिलिग्रॅम, टोल्युइनात सुमारे २.८, तर कार्बन डायसल्फाइडात सुमारे ८ मिलिग्रॅम फुलरीन विरघळते. अल्कोहोल व अॅसिटोन यांत ते जवळजवळ विरघळतच नाही. आणखी नवल असे, की बहुतेक घन पदार्थ ऊन द्रवात अधिक विरघळतात. पण टोल्युइनात फुलरीन सर्वांत अधिक विरघळते ते सुमारे ७ अंश सेल्सियसला!

आता कळीचा प्रश्न असा, की विद्रावक केवळ आश्रय देतो, की स्वतःही प्रक्रियेत भाग घेतो? टोल्युइन उकळले तरी फुलरीनास काही होत नाही. म्हणूनच १९९३ पासून फुलरीनावर निरनिराळे गट जोडण्यासाठी उकळते टोल्युइन वापरले जाऊ लागले. पण बेंझीन वा टोल्युइन यांत निर्जल अॅल्युमिनियम क्लोराइड घातले, तर आश्रयदाताच पाहुण्यास चिकटतो. गोलावरील एका दुहेरी बंधाशी विद्रावकाचा रेणू जोडला जातो: एका कार्बन अणूवर हायड्रोजन, तर शेजारच्या अणूवर उरलेले कडे. ही प्रक्रिया जॉर्ज ओलाह यांच्या चमूने १९९१ मध्ये नोंदविली. अमाइन वर्गातील काही द्रवांस तर अशा साहाय्यकाचीही गरज भासत नाही, कारण फुलरीन इलेक्ट्रॉनांचे लोभी आहे. एकेका रेणूस सहा इलेक्ट्रॉनांपर्यंत देता येतात, हे १९९२ मध्ये दिसून आले. प्रकाशही स्वस्थ बसत नाही: फुलरीन त्याची ऊर्जा शोषून द्रवातील ऑक्सिजनास देते व ऑक्सिजन अतिशय क्रियाशील बनतो. म्हणून हा विद्राव अंधारात ठेवणे इष्ट.

यावरून अभ्यासकाने एक खूणगाठ बांधावी. फुलरीनापासून नवा पदार्थ मिळाला, की त्यातील प्रत्येक अणू कोठून आला हे आधी तपासावे. जो द्रव आपण केवळ भांड्यासारखा वापरला, त्याचेच अणू कित्येकदा उत्पादनात जाऊन बसलेले असतात.