कटिंग चहाएवढं रक्त

खांदेश्वर स्थानकाच्या एका अंगाला कामोठे, दुसऱ्या अंगाला खांदा कॉलनी. वस्ती बरीचशी तरुण जोडप्यांची, सासर-माहेर गावाकडे. अशा घरात सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या, की आधी धावपळ होते आणि प्रश्न मागाहून सुचतात. त्यातला एक प्रश्न रक्तस्रावाचा.

एक किलो वजनाच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त साधारण ८० ते ९० मिलिलिटर, म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासभर. त्यातलं चार चमचे गेलं, तरी बाळ पांढरं पडतं. त्यामुळे नवजात अतिदक्षता विभागात तपासणीसाठी काढलेल्या रक्ताचाही थेंबन् थेंब मोजतात.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूत, पाण्याच्या पोकळ्यांना लागून, अतिशय नाजूक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. रक्तदाब थोडा वरखाली झाला तरी ते फुटू शकतं, आणि बहुतेक वेळा हे पहिल्या तीन दिवसांतच घडतं. आजी ज्या टाळूवर तेल घालते, त्याच टाळूवरून सोनोग्राफी करून डॉक्टर हा रक्तस्राव पाहतात. फुप्फुसात रक्त आलं, तर श्वासनळीतल्या नळीतून लालसर फेस येतो. तेव्हा व्हेंटिलेटरचा दाब वाढवून फुप्फुसं फुगलेली ठेवतात आणि किलोमागे १० ते १५ मिलिलिटर रक्त हळूहळू चढवतात. एकाच दात्याची पिशवी छोट्या पिशव्यांत वाटून ठेवली, तर बाळाला पुढेही त्याच दात्याचं रक्त देता येतं.

‘प्लेटलेट कमी आहेत, मग चढवत का नाही?’ असं नातेवाईक विचारतात. डेंग्यूने आपल्याला हा आकडा तोंडपाठ करायला लावला आहे! पण ब्रिटन, आयर्लंड आणि नेदरलँड्समधल्या ६६० बाळांवरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात उलटंच दिसलं. प्लेटलेट ५० हजारांखाली जाताच त्या चढवलेल्या बाळांपैकी २६ टक्के बाळं दगावली किंवा त्यांना मोठा रक्तस्राव झाला. २५ हजारांपर्यंत थांबलेल्या गटात हे प्रमाण १९ टक्के होतं. तेव्हा डॉक्टर थांबले, तर तो हलगर्जीपणाच असतो असं नाही.

खरी लढाई मात्र जन्माआधीची. चोविसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यात प्रसूतीची शक्यता दिसली, तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. डेक्सामेथासोन असेल तर बारा-बारा तासांनी चार. त्याने बाळाची फुप्फुसं तयार होतात आणि मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोकाही कमी होतो. औषध स्वस्त आहे, पण त्याला वेळ लागतो. जन्मल्यावर नाळ लगेच न कापता अर्धा-एक मिनिट थांबणं आणि ‘के’ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, हेही बाळाच्या उपयोगाचं.

सहाव्या महिन्याच्या तपासणीला जाल, तेव्हा तीन गोष्टी विचारून ठेवा : इथे नवजात अतिदक्षता विभाग आहे का, रक्तपेढी किती लांब आहे, आणि कळा लवकर आल्या तर आम्ही नेमकं कुठे जायचं? बाळाला अँब्युलन्समधून हलवण्यापेक्षा ते पोटात असतानाच आईला योग्य रुग्णालयात पोहोचवणं कितीतरी सुरक्षित.