अंडं फिरवायचं नाही

उजाडायच्या आत वेळासच्या पुळणीवर कासवमित्राची फेरी सुरू होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं हे गाव मुळात नाना फडणवीसांचं. हल्ली लोक तिथे ऑलिव्ह रिडले कासवांसाठी जातात. मादी रात्री पाण्यातून वर येते, अंडी घालते आणि परत जाते. तिच्या पायांचा माग जिथे वळलेला असतो, तिथली वाळू काठीने हलकेच चाचपायची. काठी अलगद आत गेली की घरटं सापडलं.

पुढचं काम हाताचं. दीडेक फुटावर टेबल टेनिसच्या चेंडूएवढी शंभरेक अंडी असतात. आतला गर्भ काही तासांतच कवचाला चिकटतो, म्हणून अंडं जसं आहे तसंच उचलायचं. फिरवायचं नाही, हिसका द्यायचा नाही. जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीचा, अरुंद तोंडाचा आणि रुंद तळाचा खड्डा तयार असतो. त्यात अंडी ठेवून वाळू लोटायची आणि तारीख, संख्या लिहिलेली पाटी रोवायची.

खरं तर घरटं जागच्या जागी राहिलेलं सर्वांत बरं. पण कोल्हे, कुत्री आणि माणसं ते राहू देत नाहीत. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा आधार असूनही इथली अंडी सर्रास पळवली जात. 2002मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांना सोबत घेतलं, तेव्हा हे थांबू लागलं. पुढे पिल्लं समुद्रात जाताना पाहण्याचा कासव महोत्सव आला आणि पाहुण्यांच्या जेवणा-राहण्यातून घराघरांत चार पैसे येऊ लागले.

वाळूच्या तापमानावर पिल्लू नर की मादी हे ठरतं. वाळू तापली तर माद्या जास्त, गार राहिली तर नर. उन्हाळे असेच वाढत गेले तर नुसत्या कुंपणाने भागणार नाही.

साधारण पन्नासेक दिवसांनी वाळू खचते आणि पिल्लं वर येतात. त्यांना पाण्यात नेऊन सोडत नाहीत; काही अंतरावर ठेवतात, चालत ती स्वतःच जातात. मोठी होऊन अंडी घालायला त्यांना दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि हजारात एखादंच तिथवर पोहोचतं असं मानतात. नर तर सहसा किनाऱ्यावर परततच नाही.

मार्चमध्ये वेळासला जाणार असाल, तर पिल्लांच्या वाटेलगत बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभे राहा, फ्लॅश बंद ठेवा आणि पिल्लाला हात लावू नका.