ट्यूबलाइट केव्हा उतरवावी?

नवा दिवा घेताना ट्यूबलाइट की एलईडी, हा प्रश्न आता जवळपास निकालात निघाला आहे. पाऱ्यावरील मिनामाता करारातल्या देशांनी लांब फ्लुरोसंट नळ्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायचे २०२३ मध्ये ठरवले, आणि भारतही त्या करारात आहे. प्रश्न उरतो तो घरात आधीच लागलेल्या, अजून नीट पेटणाऱ्या ट्यूबचा. कोणी म्हणते, चालतेय तोवर राहू दे; कोणी म्हणते, सगळ्या एकदम काढून टाका. दोघेही दिव्याची जात बघून निर्णय घेतात. तो घ्यायला हवा, दिवा रोज किती तास पेटतो ते बघून.

हिशेब साधा आहे. ट्यूबवर ३६ वॉट लिहिलेले असले, तरी तांब्याच्या चोकमध्ये आणखी दहा-बारा वॉट नुसते तापण्यात जातात आणि मीटरवर पन्नासच्या आसपास पडतात. त्यात नळीचा उजेड चहूबाजूंना फाकतो. भिंतीकडे आणि छताकडे गेलेला सगळाच्या सगळा परत येत नाही. एलईडीची पट्टी उजेड समोर टाकते, त्यामुळे साधारण २००० लुमेनची २० वॉटची पट्टी त्याच खोलीला बहुधा पुरते. फरक ३० वॉटचा. स्वयंपाकघरात दिवा रोज सहा तास चालत असेल, तर वर्षाला सुमारे ६५ युनिट वाचतात. आठ रुपये युनिट धरले तरी पाचशेच्या वर रुपये झाले. पट्टी त्याहून स्वस्तात मिळते. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढे दर चांगलाच चढतो आणि बचत आधी त्या वरच्या टप्प्यातून वजा होते, हे वेगळेच. उलट अडगळीच्या खोलीतली ट्यूब रोज दहा मिनिटे लागत असेल, तर वर्षाकाठी दोन युनिटही वाचत नाहीत. तिथे पट्टीचे पैसे वसूल व्हायला पंधरा-वीस वर्षे लागतील. इलेक्ट्रॉनिक चोकवर चालणारी २८ वॉटची बारीक टी-५ नळी असेल, तर फरक दहा वॉटांवर येतो. ती बदलण्याची घाई नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की एलईडी लवकर जातात. ट्यूब बिघडली तर दहा-वीस रुपयांचा स्टार्टर बदलून भागायचे. आक्षेपात तथ्य आहे. खोक्यावरचे २५,००० तास, म्हणजे रोज सहा तासांनी अकरा वर्षे, हा आकडा बहुधा एलईडीचा उजेड ७० टक्क्यांवर यायला लागणारा काळ सांगतो. दिवा बंद पडतो तो मात्र बहुतेकदा आतल्या ड्रायव्हरमुळे, आणि ड्रायव्हरला मारते ती उष्णता. म्हणून एलईडी बंद काचेच्या हंडीत कोंडू नये, आयएसआय किंवा बीआयएसची खूण बघावी आणि वॉरंटीचे बिल जपून ठेवावे. तरीही पट्टी दोन वर्षांत गेलीच, तर स्वयंपाकघरात तोवर तिने हजारभर रुपये वाचवलेले असतात. विजेचा दाब उतरला की चोकवाली ट्यूब नुसती लुकलुकत राहते. चांगली एलईडी तेवढ्या दाबावरही पेटते.

दुसरी तक्रार डोळ्यांची. एलईडीचे उघडे ठिपके टोचतात, म्हणून दुधी आवरणाची पट्टी घ्यावी. थरथर मात्र दोन्हींत असू शकते: तांब्याच्या चोकवरची ट्यूब सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होते, आणि स्वस्त ड्रायव्हरची एलईडीही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघताना काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा अभ्यासाच्या टेबलावर नको. रंगांचा खरेपणा सांगणारा सीआरआय ८० च्या वर असावा. निजायच्या खोलीत ६५०० केल्विनच्या निळसर पांढऱ्यापेक्षा ३००० चा पिवळसर उजेड बरा. वॉट बघून खरेदी केली की फसगत होते. उजेड किती, ते लुमेन सांगतात.

चांगली ट्यूब फेकून देणे ही उधळपट्टीच नाही का? फेकली तर आहे, आणि धोकाही आहे, कारण प्रत्येक नळीत काही मिलिग्रॅम पारा असतो. नळी फुटलीच तर खिडक्या उघडून काही वेळ खोलीबाहेर जावे. झाडू न वापरता तुकडे जाड कागदाने बरणीत भरावेत आणि ते ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावेत. पण उतरवलेली नळी लगेच टाकायचे कारणच नाही. एलईडी आधी स्वयंपाकघर, बैठकीची खोली आणि जिन्यावरच्या रात्रभर जळणाऱ्या दिव्याच्या जागी लावावी. तिथून निघालेल्या धडधाकट नळ्या अडगळीच्या खोलीतली ट्यूब गेली की कामी येतील, आणि तिथल्या दहा मिनिटांसाठी नवा दिवा विकत घ्यावा लागणार नाही.