बुडबुड्यांचा पडदा

तुमच्यापैकी ज्यांना पोहता येते त्यांनी एक गंमत करून पाहिली असेल. विहिरीत किंवा तलावात डोके पाण्याखाली घालायचे आणि पलीकडच्या कडेला असलेल्या मित्राला पाण्याखालीच दोन दगड एकमेकांवर आपटायला सांगायचे. पाणी गढूळ असेल तर मित्र मुळीच दिसत नाही. दगडांचा 'टक्' आवाज मात्र अगदी कानाशी झाल्यासारखा ऐकू येतो.

असे का होते? हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समुद्राच्या पाण्यात तो सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे चौपटीहून अधिक वेगाने जातो. शिवाय पाण्यात तो फारसा न विरता दूरवर पोहोचतो. उजेडाचे याच्या अगदी उलट आहे. नदीच्या मुखाशी, जेथे पाण्यात गाळ असतो तेथे, हातभर अंतरावरची वस्तूही दिसेनाशी होते. तेव्हा अशा पाण्यात जन्मभर राहणाऱ्या प्राण्याने डोळ्यांवर विसंबावे की कानांवर? उत्तर तुम्हीच द्याल.

कानाने पाहणारा प्राणी

डॉल्फिन हा मासा नव्हे. तो आपल्यासारखाच सस्तन प्राणी आहे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, त्यासाठी वारंवार पाण्यावर येतो आणि पिलाला दूध पाजतो. गढूळ पाण्यात वाट काढण्यासाठी तो ध्वनीचा उपयोग करतो. तो अतिशय बारीक आणि जलद असे 'टक् टक्' आवाज काढतो. पुढे मासा, खडक किंवा होडी असेल तर त्यावर आपटून प्रतिध्वनी परत येतो. हा प्रतिध्वनी तो मुख्यतः खालच्या जबड्यातून घेतो. जबड्यातील चरबी ध्वनीला आतील कानापर्यंत पोहोचवते. प्रतिध्वनी येण्यास किती वेळ लागला, तो कसा बदलून आला, यावरून समोर काय आहे आणि किती दूर आहे हे त्याला कळते.

एवढेच नव्हे, तर कळपातील सोबती एकमेकांना हाक देतात तीही ध्वनीनेच. आई आणि पिलू यांची चुकामूक झाली तर दोघांना जोडणारा धागा आवाजाचाच असतो. अशा प्राण्याच्या घरात अचानक मोठा गोंगाट सुरू झाला तर काय होईल? भर रस्त्यावर कोणी तुमच्या डोळ्यांवर प्रखर झोत रोखून धरला, तर तुमचे जे होईल, साधारण तेच.

विमानतळ आणि गुलाबी डॉल्फिन

आता आपण हाँगकाँगला जाऊ. तेथे पर्ल नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी असलेल्या मचूळ, गढूळ पाण्यात एक विलक्षण डॉल्फिन राहतो. पिलू असताना तो गडद करडा असतो, वाढत्या वयात अंगावर ठिपके दिसतात आणि मोठेपणी तो पांढुरका, कधी चक्क गुलाबी होतो. त्याचे शास्त्रीय नाव 'सूसा चायनेन्सिस'. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे सोपवले गेले, त्या सोहळ्याचे प्रतीक म्हणून याच डॉल्फिनची निवड झाली होती.

त्याच काळात लांताऊ बेटाजवळ चेक लॅप कॉक येथे नवा विमानतळ उभा राहत होता. तो १९९८ मध्ये सुरू झाला. विमानांना इंधन हवे, इंधन जहाजातून येणार, आणि जहाजातून ते उतरवून घेण्यासाठी धक्का हवा. हा धक्का शा चाऊ या बेटाजवळ बांधायचे ठरले. आणि नेमके तेथेच डॉल्फिनांचा वावर होता.

समुद्रात धक्का बांधायचा तर आधी पाइल ठोकावे लागतात. पाइल म्हणजे समुद्राच्या तळात खोलवर रोवलेला लांब खांब. बांधकामाचा सारा भार तोच पेलतो. तो रोवण्याची नेहमीची पद्धत म्हणजे यांत्रिक घणाचे घाव घालणे. आपण जमिनीत खुंटी ठोकतो तसेच हे, पण घण काही टनांचा आणि घाव एकामागून एक, तासन् तास. प्रत्येक घावासरशी सारा खांब घंटेसारखा कंप पावतो आणि तो कंप चहूकडच्या पाण्यात पसरतो.

फार जवळ असलेल्या डॉल्फिनचे कान अशा आवाजाने कायमचे अधू होऊ शकतात. दूर असलेल्यांना तशी इजा होत नाही, पण एकमेकांच्या हाका बुडून जातात, शिकार साधत नाही, नेहमीची जागा सोडावी लागते. हा परिणाम किती दूर पोहोचतो याचे एक उदाहरण पाहा. डेन्मार्कजवळ उत्तर समुद्रात 'हॉर्न्स रेव्ह २' या ठिकाणी पवनचक्क्यांसाठी २००८ मध्ये पाइल ठोकले गेले. तेथे पॉरपॉइज नावाचा डॉल्फिनचा लहानखुरा नातेवाईक राहतो. पाण्याखाली ठेवलेल्या यंत्रांनी त्याचे आवाज टिपले, तेव्हा जवळजवळ १८ किलोमीटर अंतरापर्यंत ते कमी झालेले आढळले.

हवेची भिंत

मग शा चाऊच्या डॉल्फिनांसाठी काय करायचे? बर्न्ड व्युर्सिग, चार्ल्स ग्रीन आणि टॉमस जेफरसन या शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये तेथे एक उपाय वापरून पाहिला. तो ऐकून तुम्हाला हसू येईल. त्यांनी भोके पाडलेली रबरी नळी पाइलच्या जागेभोवती समुद्रात सोडली आणि तिच्यातून दाबाखाली हवा सोडली. नळीच्या भोकांमधून असंख्य बुडबुडे वर येऊ लागले. पाइलच्या भोवती बुडबुड्यांचा एक पडदाच उभा राहिला!

एवढ्या प्रचंड घणाचा आवाज बुडबुडे कसे अडवणार? यामागचे शास्त्र समजून घेऊ. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे. ध्वनी पाण्यातून जात असता वाटेत हवा आली, तर त्याची जवळजवळ सर्व ऊर्जा सीमेवरूनच परत फिरते. म्हणूनच नदीकाठी मारलेल्या गप्पा पाण्यातल्या माशाला फारशा ऐकू जात नाहीत. प्रत्येक बुडबुडा ही अशी एक लहानशी सीमाच होय. शिवाय बुडबुडा लवचीक असतो. ध्वनीचा तरंग आला की तो आकसतो, पुन्हा फुगतो, आणि या खटाटोपात ध्वनीची काही ऊर्जा गिळून टाकतो. काही ध्वनी परावर्तित होतो, काही शोषला जातो आणि पलीकडे पोहोचतो तो उरलासुरला.

याची प्रचीती तुम्हाला घरीच घेता येईल. एक जाड, उंच कप घ्या आणि तो ताटलीत ठेवा. त्यात पाऊण कप पाणी भरा. चमच्याच्या दांड्याने आतून कपाच्या तळावर हलके टक्टक् करा आणि आवाज लक्षात ठेवा. आता पाण्यात अर्ध्या लिंबाचा रस पिळा आणि अर्धा चमचा खायचा सोडा टाका. फसफस जराशी ओसरली की लगेच पुन्हा टक्टक् करत राहा. आवाज आता कसा येतो? बद्द आणि खालच्या पट्टीतला! जसजसे बुडबुडे निघून जातील तसतशी पट्टी वर चढत जाईल. हे बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे असतात, पण हवेच्या बुडबुड्यांचे कामही असेच चालते. थोडेसेच बुडबुडे मिसळले, तरी पाण्यातील ध्वनीचा वेग हवेतल्या वेगापेक्षाही कमी होऊ शकतो, म्हणून पट्टी उतरते. कपभर पाण्यात जे घडले, तेच शा चाऊच्या समुद्रात सहा ते आठ मीटर खोल पाण्यात घडवून आणले गेले.

आता निकाल पाहू. पाइलपासून २५०, ५०० आणि १००० मीटर अंतरांवर आवाज मोजण्यात आला. पडद्यामुळे एकूण आवाज ३ ते ५ डेसिबलने कमी झाला. हा आकडा लहान वाटेल, पण डेसिबलचे गणित गुणाकाराचे असते. ३ डेसिबल कमी म्हणजे ध्वनीची तीव्रता निम्मी आणि ५ डेसिबल कमी म्हणजे जेमतेम एकतृतीयांश. सेकंदाला ४०० ते ६४०० कंपने असणाऱ्या आवाजांच्या बाबतीत ही घट सर्वांत ठळक होती.

मग डॉल्फिन निर्धास्त झाले का? शास्त्रज्ञांनी त्यांच्यावरही लक्ष ठेवले होते. काम चालू असताना ते त्या भागात येत राहिले, पण त्यांचा पोहण्याचा वेग वाढला होता, आणि काम संपल्यानंतर लगेचच्या काळात तेथे ते कमी दिसले. म्हणजे पडद्याने आवाज कमी केला, परंतु त्रास पूर्णपणे नाहीसा केला नाही. ही गोष्टही शास्त्रज्ञांनी आपल्या निबंधात स्पष्ट लिहून ठेवली.

पडदा एकटा पुरत नाही

म्हणून बुडबुड्यांच्या जोडीला इतर उपायही वापरतात. त्यांतील काही इतके साधे आहेत की ते कोणालाही कळावेत.

पहिला उपाय पहारा. काम सुरू करण्यापूर्वी प्रशिक्षित निरीक्षक दुर्बिणीने पाणी न्याहाळतात. ठरावीक अंतरात, पाइलिंगसाठी साधारणपणे ५०० मीटरच्या आत, डॉल्फिन दिसला तर तो निघून जाईपर्यंत घण थांबतो. पण हा पहारा दिवसाउजेडीच नीट चालतो. रात्री, धुक्यात किंवा खवळलेल्या समुद्रात पाण्यावर क्षणभर येणारी पाठ दिसणार कशी?

दुसरा उपाय हळू सुरुवात. पहिले घाव हलके घालायचे आणि जोर क्रमाक्रमाने वाढवायचा, म्हणजे जवळपासच्या प्राण्यांना दूर जाण्यास अवसर मिळतो. तिसरा उपाय म्हणजे घणच टाळणे. तळाला छिद्र पाडून त्यात पाइल ओतला तर ठोकाठोक फारशी करावीच लागत नाही. चौथा उपाय म्हणजे काळवेळ पाळणे. ज्या महिन्यांत पिले जन्मतात ते महिने गोंगाटाच्या कामासाठी वगळायचे.

जर्मनीने याबाबत नियमच घालून दिला. समुद्रात पाइल ठोकताना ७५० मीटर अंतरावर एका घावाच्या आवाजाचे मान १६० डेसिबलच्या वर जाता कामा नये. (पाण्यातील डेसिबल वेगळ्या आधारावर मोजतात. त्यांची तुलना हवेतील डेसिबलशी करू नका.) मर्यादा ठरल्यावर ती पाळण्यासाठी अभियंत्यांना डोके चालवावे लागले आणि बुडबुड्यांचे पडदे सुधारत गेले. आता पाइलभोवती समुद्रतळावर मोठे कडे करून नळी अंथरतात, जहाजावरील कॉम्प्रेसर तिच्यात हवा भरतात, आणि गरज पडल्यास एकाबाहेर एक असे दोन पडदे उभारतात.

आकडे काय सांगतात?

येथेच गोष्ट संपली असती तर किती बरे झाले असते! पण हाँगकाँगच्या डॉल्फिनांची पुढची हकीकत तुम्हाला सांगितलीच पाहिजे. लांताऊ बेटाभोवतीच्या पाण्यात २००३ मध्ये त्यांची संख्या सुमारे १८८ असल्याचा अंदाज होता. २०१८ मध्ये हा अंदाज ३२ वर आला.

एवढी घट का झाली? या पंधरा वर्षांत तेथे बांधकामामागून बांधकाम झाले. हाँगकाँग, झुहाई आणि मकाव यांना जोडणारा प्रचंड पूल २०१८ मध्ये खुला झाला. त्यासाठी समुद्रात कृत्रिम बेटे उभारली गेली. विमानतळाच्या तिसऱ्या धावपट्टीसाठी २०१६ पासून सुमारे ६५० हेक्टर समुद्र भरून काढण्यात आला. जलद प्रवासी बोटींची वर्दळ होतीच. उपाय योजले गेले नाहीत असे नाही. धावपट्टीसाठी तळाचा गाळ न उपसता त्यात सिमेंट मिसळून तो घट्ट करण्यात आला. विमानतळावरून सुटणाऱ्या बोटींचा मार्ग बदलून डॉल्फिनांच्या क्षेत्रात त्यांचा वेग १५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर, असा मर्यादित केला गेला.

पण बुडबुड्यांचा पडदा घणाचा आवाज कमी करतो, बोटींचा नाही. आणि भराव घातलेल्या जागी पाणीच उरत नाही. एकेका कामाचा त्रास निराळा तपासला तर तो सोसण्याजोगा वाटतो. डॉल्फिनला मात्र सगळ्या कामांचा त्रास मिळून एकदमच सोसावा लागतो. मादीला एका वेळी एकच पिलू होते आणि दोन पिलांमध्ये काही वर्षे जातात. त्यामुळे एकदा ओसरलेली संख्या भरून येण्यास फार काळ लागतो.

आपल्या किनाऱ्यावर

या डॉल्फिनचा सख्खा भाऊ शोभेल असा 'सूसा प्लम्बिया' आपल्या समुद्रात राहतो. त्याच्या पाठीवर उंचवटा असतो, म्हणून त्याला हम्पबॅक डॉल्फिन म्हणतात. कोकणात मच्छीमार डॉल्फिनला 'गादा' या नावाने ओळखतात. तो किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहतो, आणि माणसाला बंदरे, पूल, धक्के बांधायचे असतात तेही तेथेच. तो जागतिक पातळीवर संकटग्रस्त मानला जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला स्थान आहे.

मुंबईचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. किनाऱ्यावर यापुढेही बांधकामे होतच राहणार, आणि त्यांतील पुष्कळशी आपल्या गरजेची असतील. अशा प्रत्येक वेळी काही प्रश्न विचारता येतात. येथे कोणते प्राणी राहतात, हे काम सुरू होण्याआधी कोणी मोजले आहे काय? पाइल ठोकणार की छिद्र पाडून ओतणार? आवाजाची मर्यादा किती, आणि ती ओलांडली तर काम कोण थांबवणार? शेजारी आणखी कोणती कामे चालू आहेत? बुडबुड्यांचा पडदा कामाच्या दिवशी सोडता येतो. या प्रश्नांची उत्तरे मात्र नकाशावर पहिली रेघ ओढण्याआधीच शोधावी लागतात.

तुमच्यापैकी कोणी पुढे अभियंता होईल, कोणी प्राणिशास्त्रज्ञ, कोणी सरकारी अधिकारी. हे प्रश्न तेव्हा तुमच्याच टेबलावर येतील. तोपर्यंत किनाऱ्यावर गेलात तर पाण्यावर नजर ठेवा. करड्या रंगाची पाठ क्षणभर वर आलेली दिसली, तर तारीख, वेळ आणि ठिकाण वहीत टिपून ठेवा आणि ती नोंद तुमच्या विज्ञानशिक्षकांना दाखवा. कोणता प्राणी कोठे राहतो हे कळायला सुरुवात अशा नोंदींपासूनच होते.