पालाशाचा भूगर्भातील प्रवास

पिकांस लागणारा पालाश मुळात खडकांतून येतो. काही मुलखांत तर तो समुद्रतळावरून भूगर्भात जाऊन पुन्हा वर येतो. जावा बेट हे याचे ठळक उदाहरण होय. बेटाच्या दक्षिणेस समुद्रतळाचा खडक वर्षाला ६-७ सेंटिमीटर या गतीने बेटाखाली सरकत आहे. त्यावरील गाळाच्या चिकणमातीत पालाश असतो. दाब व उष्णता वाढली की त्या मातीचे पांढऱ्या अभ्रकात रूपांतर होते. हे अभ्रक मोठे चिवट. सुमारे ३०० किलोमीटर खोलीपर्यंत ते पालाश धरून ठेवू शकते. उष्णता पुरेशी झाली म्हणजे मात्र ते मोडते, आणि पालाशयुक्त द्रव वरच्या खडकात शिरून त्यास वितळवितो. बेटाच्या मध्यावरील मेरापीपेक्षा उत्तर किनाऱ्यावरील मुरिया या ज्वालामुखीच्या खडकांत पालाश पुष्कळ अधिक आहे. तेथे सरकता खडकही अधिक खोल गेलेला असतो. (आपल्या काळ्या जमिनीखालचा दख्खनचा कातळ या जातीचा नव्हे.)

शेतातील मातीतही अभ्रक पालाश असाच थरांमध्ये घट्ट धरते व सावकाश सोडते. म्हणून माती परीक्षणाच्या अहवालात एकूण नव्हे, तर उपलब्ध पालाशाचा आकडा दिलेला असतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा भेद शेतकऱ्यांस समजावून द्यावा. खडकाचा चुरा टाकून त्याच हंगामात पालाशाची तूट भरून निघेल, असे कोणी समजू नये.