हिवतापाच्या परजीवीचे मर्मस्थान

पावसाळा ओसरू लागला की तापी, गिरणा व पांझरा यांच्या पात्रांत जागोजागी पाणी साचून राहते. जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल व रावेर आणि धुळे जिल्ह्यातील शिरपूर या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत ओढेनाले मंद वाहत असतात. ॲनॉफिलिस डासाची मादी अशा संथ पाण्यात अंडी घालते. डासांवरील उपाय गावोगाव परिचित आहेत. परंतु परजीवी एकदा रक्तात शिरला म्हणजे पुढची लढाई औषधाची असते. औषध नेमका कोठे घाव घालते हे समजले, तर गोळ्या पूर्ण घेण्याचा आग्रह का धरला जातो, याचाही उलगडा होतो.

विकरांचे कार्य

भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागू लागतो. लाळेतील विकर पिष्टाचे साखरेत रूपांतर करते, त्याचा हा परिणाम होय. हिवतापाचा परजीवी एकाच पेशीचा असला, तरी तांबड्या रक्तपेशीतील हिमोग्लोबिन पचविणे, साखरेपासून ऊर्जा मिळविणे व आपली संख्या वाढविणे ही सर्व कामे तो विकरांच्या साहाय्याने करतो. त्यांपैकी एखादे आवश्यक विकर बंद पाडले की परजीवी मरतो. मात्र रोग्याच्या स्वतःच्या विकरांना धक्का लागता कामा नये.

सल्फाडॉक्सिन व पायरीमेथामिन ही औषधांची जोडी याच तत्त्वावर चालते. फॉलिक आम्ल माणसाला आहारातून मिळते. परजीवी त्या जातीचे द्रव्य स्वतः तयार करू शकतो. या निर्मितीतील एक विकर सल्फाडॉक्सिन अडविते. ते विकर मानवी शरीरात नाहीच. पुढच्या टप्प्यावरील विकर पायरीमेथामिन अडविते. ते माणसातही असते. परंतु औषध परजीवीच्या विकराला कितीतरी अधिक घट्ट चिकटते.

परजीवीचा प्रतिकार

फॅल्सिपेरम परजीवीच्या या दुसऱ्या विकरात 108 व्या स्थानावरील सेरीन जाऊन ॲस्परॅजिन आले, की औषधाची पकड सैल होते. उपचार अर्धवट सोडल्यास दुबळे परजीवी मरतात आणि असे बदललेले परजीवी फैलावतात. म्हणूनच 2013 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी ईशान्येकडील राज्ये वगळता फॅल्सिपेरम हिवतापासाठी या जोडीबरोबर आर्टेसुनेट देण्याचे ठरविले.

नवी मर्मस्थाने शोधण्याचे कार्यही चालू आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परजीवीच्या इनोलेज या विकराचा अभ्यास झाला. त्यात पाच अमिनो आम्लांचा एक तुकडा असा आहे की, जो मानवी इनोलेजमध्ये नाही. असा भेद हाच नव्या औषधाचा संभाव्य वेध होय. विकरांचा उपयोग निदानासाठीही होतो. परजीवीचे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज रक्तात आहे किंवा नाही, हे पाहून हिवताप ओळखणाऱ्या तपासणी पट्ट्या वापरात आहेत.

गावाचा वाटा

व्हायवॅक्स हिवतापात परजीवी यकृतात दडून राहतो व पुन्हा ताप आणतो. त्यासाठी प्रायमाक्विन 14 दिवस दिले जाते. ताप दोनतीन दिवसांत उतरतो, कापसाची वेचणी खोळंबलेली असते आणि उरलेल्या गोळ्या कोनाड्यात पडून राहतात. येथेच घात होतो. मात्र जी-सिक्स-पीडी या मानवी विकराची जन्मतः कमतरता असणाऱ्यांच्या रक्तपेशी प्रायमाक्विनमुळे फुटू शकतात. लघवी काळपट झाल्यास गोळ्या थांबवून तत्काळ आरोग्य केंद्र गाठावे. गर्भवती व तान्ह्या मुलांना हे औषध देत नाहीत.

प्रयोगशाळेतून नवे औषध गावापर्यंत पोहोचण्यास वर्षे लागतात. तोवर हाती असलेली औषधे निकामी होऊ न देणे आपल्याच हाती आहे. रक्ततपासणी झालेल्या प्रत्येक रोग्याने शेवटची गोळी घेतली किंवा नाही, याची चौकशी आशा कार्यकर्तीबरोबर शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनीही करावी.