मोटारींत मुलाचें आसन

आजीच्या मांडीहून सुरक्षित जागा नाहीं, ही आपल्या घरांतील श्रद्धा घरापुरती खरी आहे. धांवत्या मोटारींत नाहीं. ताशीं ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून अर्ध्या मीटरांत थांबली, तर १० किलोचें मूल धरून ठेवण्यास सुमारें २०० किलो पेलण्याइतकें बळ लागतें. तें कोणाच्या हातांत असणार?

यास्तव मुलाला स्वतंत्र आसन, म्हणजे ‘चाइल्ड सीट’, हवें. आणि तें वयापेक्षां उंची व वजन पाहून निवडावें. तान्ह्याचें डोकें जड, मान कोंवळी; म्हणून त्याचें तोंड गाडीच्या मागील बाजूकडे असावें. त्यामुळें धक्का आसनाच्या पाठीवर झेलला जातो. युरोपांतील ‘आर १२९’ नियमाच्या आसनांत ही बैठक निदान १५ महिन्यांपर्यंत सक्तीची आहे. आसनांत मूल मावेल तोंवर ती ठेवणें अधिक बरें. पुढील सीटची एअरबॅग चालू असतां असें आसन तेथें कदापि ठेवूं नये. त्यानंतर पुढें तोंड असलेलें, स्वतःच्या पट्ट्यांचें आसन. मग उंची सुमारें १५० सेंटिमीटर होईपर्यंत बूस्टर. त्यानें गाडीचा पट्टा पोटावरून वा मानेवरून न जातां कमरेच्या हाडावरून व खांद्यावरून जातो.

मोटार वाहन कायद्यांतील २०१९ च्या दुरुस्तीनें १४ वर्षांखालील मुलांस पट्टा वा असें आसन आवश्यक केलें असून, नियम मोडल्यास १००० रुपये दंड आहे. परंतु दंडाहून घरचा नियम महत्त्वाचा. आईनें बांधावें आणि रडतें म्हणून आजोबांनीं सोडावें, असें होऊं नये. गाडी निघण्यापूर्वींच सर्वांनीं हें एकमतानें ठरवावें.